यादीबाहेर

पत्र तीन ओळींचं होतं.
गेल्या वर्षात आपल्याकडून आमची दोनच गहाणखतं झाली,
सबब आपलं नाव मान्य वकिलांच्या यादीतून कमी करण्यात येत आहे.
खाली सही नव्हती, सहीचं चित्र होतं.

मी ते हीटरवर ठेवलं. कडा वळल्या.
खाली खाटकाचा सुरा
नेहमीसारखा साडेनवाला सुरू झाला.
एकतीस वर्षं याच ठोक्यावर
टॉडमॉर्डनची घरं मी
या हातातून त्या हातात दिली.

गुरुवारी रोवीना ॲक्रॉइड आली,
मागे तिचा इद्रिस, ओला रेनकोट दाराशीच धरून उभा.
त्यांना कालव्याजवळचं बारा नंबर हवं होतं.
बँकेचा होकार आलाय, ती म्हणाली,
सोमवारपर्यंत वकिलाचं नाव कळवायचंय.
तुमचंच लिहू ना?

तिच्या आईच्या घटस्फोटात
घर मीच आईच्या एकटीच्या नावावर केलं.
तेव्हा ही याच टेबलाखाली बसून
स्वतःच्या गुडघ्यांवर माझे शिक्के मारत होती.

लिही, म्हणालो, पण बँक मला ओळखत नाही आता.
ती तिचा वेगळा वकील नेमेल,
त्याची फी तुमच्या माथी, वर तीन आठवडे.
यादीतला घेतलात, तर एकच माणूस
तुमचंही बघतो आणि बँकेचंही.
इद्रिसनं विचारलं, आणि दोघांचं पटलं नाही तर?
मी त्याला रेनकोट खुंटीला लावायला सांगितला.
बस, म्हणालो.

फोनवर दोनशे चौदा नावं.
कितीतरी वकिलांची वाटतच नव्हती, शाम्पूची वाटत होती.
दलालानं सुचवलेलं सगळ्यात वर.
सुचवायचे त्याला किती मिळतात,
तेवढं विचारून ये, मी म्हणालो.
रोवीना हसली, मग हसायची थांबली.

मग मी टेबलावरचा फोन ओढला.
पहिल्यानं पियानो ऐकवला.
दुसऱ्यानं आकडे दाबायला लावले,
चारनंतर पुन्हा एकवर आणून सोडलं.
तिसऱ्याकडचा मुलगा गोड होता,
पण फाइल कुणाकडे असेल विचारल्यावर
म्हणाला, टीमकडे.
सातवा फोन हॅलिफॅक्सला, एका बाईनं उचलला,
तोंडात घास होता.
माफ करा, जेवतेय. मोइरा सटक्लिफ. बोला.
फाइल कुणाकडे?
माझ्याकडे, दुसऱ्या कुणाकडे असणार?
तुम्ही रजेवर गेलात तर?
शेजारी बेरिल बसते, तिला सांगून जाते,
आणि ती विसरते, म्हणून लिहूनही ठेवते.

हिचं लिही, मी रोवीनाला म्हणालो.
स्वस्त नव्हती. पहिल्या पानावरही नव्हती.

जाताना हाताला लागलं त्या पाकिटामागे लिहून दिलं:
बारा नंबरच्या स्वयंपाकघराखालून
जुन्या गिरणीचा दगडी नाला जातो.
नकाशात नाही. शोधात निघणार नाही.
मूळ खतात एक ओळ आहे,
नाला मोकळा ठेवणं घरमालकाकडे.
सही करण्याआधी हे मोइराला दाखव.
तुम्हाला कसं ठाऊक? इद्रिस म्हणाला.
आधीच्या म्हाताऱ्यानं मला तिथे उभं केलं होतं,
बूट काढून. लादी गार लागते बघ,
जुलैमध्येसुद्धा.

किती द्यायचे, ती म्हणाली.
मी खाटकाच्या सुऱ्याकडे कान दिला.
ती जिना उतरल्यावर लक्षात आलं,
पाकीट बँकेच्याच पत्राचं होतं.

मार्चमध्ये फोन वाजला.
सटक्लिफ बोलतेय. तुमचं पाकीट समोर आहे.
बँकेला कळवायला हवं मला, हे तुम्हाला ठाऊक असणारच.
ठाऊक होतं.
मुलं घाबरलीत, पण घर सोडत नाहीत.
विक्रेता म्हणतो नालाच नाही.
तो डावीकडे वळतो की उजवीकडे?

आठवेना.
मी टॉर्च शोधला, सेल संपले होते,
खाली जाऊन खाटकाचा मागून घेतला.