मु. पो. एक्सवायझेड

नेरीच्या बसस्टँडमागं आमचं सेतू केंद्र.
एक प्रिंटर, दोन खुर्च्या,
कण्हत कण्हत चालणारा इन्व्हर्टर.
सकाळी सात ते दहा मी कॉलेजात, बी. ए. भाग दोन,
दहानंतर अर्ध्या गावाचं इंग्रजी
माझ्या दहा बोटांवर.

सोमाजी नन्नावरे अंगठा धोतराला पुसत विचारतात,
'पोरी, हे रिजेक्ट म्हंजे का वो?'
तुमच्या नावात एक ए जास्तीचा पडला, आजोबा.
'मंग काढून टाक ना. मले का कराचा तो?'
मी हसते. काढायला तीन फॉर्म लागतात,
तिन्ही इंग्रजीत.

कॉलेजात बोरकुटे सर गाईड उघडतात,
पान एकशे बारा, कवितेचा मध्यवर्ती आशय.
तिकडे बर्फ पडतोय, कवीला घर आठवतंय,
आठ ओळी, जशाच्या तशा उतरवून घ्या.
सर, माझ्या शब्दांत लिहिलं तर चालेल?
सरांनी चष्मा काढला, फुंकला, परत घातला.
'तुझ्या शब्दांना मार्क द्यायला कॉलम नाही, दडमल.'

सर वाईट नाहीत.
तासिकेवर आहेत, मानधन कधी दिवाळीनंतर, कधी होळीनंतर.
एकदा केंद्रावर आले होते पीएफचा फॉर्म घेऊन,
मी भरत होते, ते बघत होते,
मध्येच हळू आवाजात म्हणाले,
'हे एवढं कुठं शिकलीस?'

उन्हाळी परीक्षा. प्रश्न चौथा, ब, सहा मार्क.
चेकबुक हरवल्याबद्दल बँक मॅनेजरला पत्र लिहा.
अशी पत्रं मी दहा रुपयांत लिहिते!
कौसाबाईचं पासबुक पुरात गेलं तेव्हा,
तिच्या नातवानं एटीएम कार्ड चुलीत टाकलं तेव्हा.
पेन नुसता पळत सुटला,
इंग्रजी माझ्या सवयीनं चालू लागली
आणि सवयीनंच मी खाली लिहिलं,
करुणा दडमल,
मु. पो. नेरी, ता. चिमूर.

लिफाफा जुलैत आला.
आईनं तो रोवणीवरून येताना पोस्टमनकडून घेतला,
चिखलाचा हात लागू नये म्हणून दातात धरून आणला.
'वाच. तुले येते.'
आई खाली बसली, केंद्रात चार माणसं होती,
मी मोठ्यानं वाचायला घेतलं आणि आवाज बारीक होत गेला.

उत्तरपत्रिकेत ओळख उघड केल्याबद्दल
आपली सदर विषयाची संपादणूक
रद्द करण्यात आली आहे.

प्रयोग कर्मणी. हा तर मला झोपेतही येतो.
कर्ता महत्त्वाचा नसेल तर गाळावा, पान चाळीस.
मी वाक्य उलटं फिरवून पाहिलं,
कोणी रद्द केलं, कोणी?
खाली गोल शिक्का,
शिक्क्यावर एक सही, जिच्यातलं एकही अक्षर लागत नव्हतं.
प्रश्नपत्रिकेच्या पाठीवर म्हणे बारीक टायपात होतं
नावाच्या जागी एक्सवायझेड लिहावे,
गावाच्याही.

एक्सवायझेडचं चेकबुक हरवतं दरवर्षी.
त्याला आई नसावी,
त्याचं पासबुक पुरात जात नसावं,
तो बर्फाच्या गावात राहतो आणि पास होतो.

'का लिवलं हाये?' आईनं विचारलं.
माझं नाव, मी म्हटलं.
'मंग बरोबर हाये ना?'
यावर गाईडात उत्तर नाही.

पंधरा दिवसांत खुलासा मागितलाय, इंग्रजीतून.
आज दुपारी गिऱ्हाईक कमी होतं, लिहायला बसले.
महोदय, प्रश्नात पत्र लिहा असं होतं,
पत्राखाली माणूस असतो असा माझा समज होता.
दोनदा खोडलं. परत तेच लिहिलं.
सहीच्या जागेपाशी कर्सर लुकलुकत राहिला,
मी तशीच बसून राहिले.

दारात सोमाजी, हातात तोच फॉर्म, तिसऱ्यांदा.
'कोनाचा फारम भरून रायली वो?'
माझाच, आजोबा.
ते जवळ आले, स्क्रीनकडं डोळे बारीक करून पाहिलं,
एक अक्षर त्यांना लागत नाही.
'मंग नाव बराबर टाक, पोरी.
एखादा ए जास्तीचा घुसू नको देऊ.'