बेरीज

जेल रोडला, जिन्याखालच्या दुकानात
टिल्लूबाईंनी रुमालातून कॅसेट काढली.
"भावाची. चालते का बघा."

फुंकर नको म्हटलं, तांबं काळं पडतं.
कडेचे दात खोडरबरानं घासले,
चिप वाचली. परत वाचली.
दोन बेरजा, दोन्ही वेगळ्या.
कुठल्याशा घरात एकाचं शून्य होत होतं.
नवव्या पायाला डाख दिला,
मग जुळली, छापील यादीशीही जुळली:
या खेळाच्या जगातल्या सगळ्या कॅसेटींची
बेरीज हीच.

राहिली शेजारची धाकटी चिप,
बटणाएवढ्या सेलवर तीस वर्षं जागी.
आत एकच ओळ:
रंगा, सातवा टप्पा, जीव दोन.
ही कुठल्या यादीत असणार?
एकुलती प्रत. ताडायची कशाशी?

"सातवाच का हो?"
बाई काउंटरच्या काचेकडे बघत राहिल्या.
"आठव्यात पूल आहे. तिथं पडायचा तो.
मी म्हणायचे, दे इकडे. द्यायचा नाही."

वहीत लिहिलं: तपासली, बरोबर.
जुना सेल काढायच्या आधी
नवा जोडून घेतला, तारेनं,
मधे क्षणभरही
अंधार नको म्हणून.