सहीची जागा

या पानाला आजोबा बोट ओलं करून हात लावत नसत.
विचारलं तर म्हणत, शाई कच्ची आहे.
दोनशे वर्षांची शाई.

शके सतराशे चोवीस, आश्विन.
बऱ्हाणपूरहून कागद आधी पोचला होता:
एक्केचाळीस माणसं निघाली, उतरायची सोय करावी.
आमच्या मूळपुरुषाने उत्साहाने
नावं मोडीत लिहून ठेवली
आणि प्रत्येकासमोर सोडली सहीची जागा.

भुजबा रंगारी, ओळखीस हात निळे.
त्याची बायको गोंदा, सासू ठकी.
गाडीवान लाडखान, याला वेगळी चूल द्यावी.
एक तान्हं, नाव ठेवणे आहे.

राहूडच्या घाटात वाट अडवलेली.
तुम्ही कुणाकडचे?
त्या साली भाऊ भावालाही हेच विचारायचा,
तलवार आधी काढून.
हे म्हणाले, आम्ही नाशकाला चाललोय.

बैल तेवढे पिंपळगावात आले,
जू तसंच मानेवर.

पानाच्या तळाशी एक ओळ आहे:
सर्व घाटातच राहिले. करणारे
आणि पुढचा शब्द खोडलेला,
इतका की बोरू कागदातून आरपार गेलाय.

विद्यापीठातली मुलगी भिंग घेऊन आली,
पानामागे मोबाइलचा उजेड धरून बसली दुपारभर.
पहिलं अक्षर तरी लागतंय का, काका?
नाही लागत, म्हटलं.
चहा दिला.
पुढची तीन पानं उलटली नाहीत.

तिथे त्याच हातची नोंद आहे, त्याच महिन्यातली:
पथकाचे सरदार घाट उतरून गंगास्नानास आले,
साठ घोडी. कपडे धुतले दोन दिवस.
दक्षिणा रुपये एकवीस, शेला एक,
मळ्यात विहीर बांधून देण्याचा शब्द.
खाली सही. ठसठशीत,
शेवटाला वेलबुट्टी काढलेली.

शब्द पाळला त्यांनी.
मखमलाबादच्या वाटेवर आमचा मळा,
द्राक्षं तिच्याच पाण्यावर.
पाणी गोड आहे.

सोमवारी ती मुलगी परत येणारे.
मी वही फडक्यात बांधतो,
सोडतो, परत बांधतो.

मघाशी पहिल्यांदाच लक्षात आलं:
तान्ह्यासमोरची जागा
बाकीच्यांपेक्षा दुप्पट आहे.
नाव आणि सही,
दोन्ही मावावं म्हणून.