एकोणतीस हजार

नवतपा लागलाय.
गच्चीवर चार बादल्या पाणी ओतलं
तरी गादीखालून फरशी वाफ सोडते आहे
आणि हे उताणे पडून वर बघताहेत.
उमरेडकडून काटोलकडे एक दिवा सरकतो.
"सिंगापूरचं," म्हणतात, "आज उशीर केला."
निवृत्त होऊन सहा वर्षं झाली.

एकतीस वर्षं सोनेगावला,
खिडकी नसलेल्या एका गार खोलीत,
मे महिन्यातही स्वेटर घालून.
मी सांगायची, विमानतळावर आहेत.
लोक म्हणायचे, मग खूप फिरला असाल!
काय सांगू बाप्पा.
विमान म्हणजे यांच्यासाठी हिरवा ठिपका,
ठिपक्याला शेपटी, शेपटीला आकडे.
ठिपक्यातून आवाज यायचा,
हे त्या आवाजाला उंची द्यायचे
आणि घरी येताना सांबार विसरायचे.

फेब्रुवारीत निलाक्षीने काठमांडूची तिकिटं काढली.
तिथलं पहाटेचं लहान विमान, तासाभराचं.
वर जायचं, डोंगर बघायचे,
निघालो तिथेच परत उतरायचं.
"कुठेच न जाणारं विमान," मी म्हटलं,
"आणि एवढे पैसे?"

आधी वाटलं ढग आहेत.
मग ढगांना कोपरे दिसले.
मोठं काही पाहिलं की मला जेवणच आठवतं.
लग्नाच्या मांडवामागे
चादरीवर उपसलेली भाताची रास,
अजून वाफ निघते आहे, हात लावायची कुणाची छाती नाही,
तसं ते सगळं,
मैलच्या मैल, वाढपी नसलेलं.
मी काचेला नाक लावलं. नाक गार पडलं.
मागे वळून म्हटलं, "काहून जी, बघा ना!"
हे डोळे मिटून बसलेले.
"ऐकतो आहे," म्हणाले.

एकेकाला पुढे वैमानिकाजवळ नेत होते,
मिनिटभर, फोटोपुरतं.
यांनी चार मिनिटं घेतली.
वैमानिक एक पोरगी, केसांना साधी काळी क्लिप,
बोटाने दाखवत होती: ते, ते उंच,
शेंड्यावरून एका बाजूला
पिठासारखा बर्फ उडतो आहे ते.
मला मागून यांची पाठ दिसत होती.
हे काचेकडे बघतच नव्हते.
बघत होते तिच्या कानाकडे.
कानावरच्या यंत्रातून एक आवाज गळत होता,
कोवळा, झोपमोड झालेला,
खाली कुठल्याशा खोलीतून आकडे सांगणारा.
यांनी सावकाश हात जोडले.
सगळ्यांना वाटलं, शिखराला.
यांचं बघून सुरतेच्या एका बाईंनीही जोडले
आणि डोळे पुसले.

चार महिने मी विचारलं नाही.
आज, या उकाड्यात, विचारलं:
"तेव्हा हात कुणाला जोडले होते?"
बराच वेळ काही नाही.
शेजारच्या गभण्यांचा कूलर तेवढा खडखडत होता.
मग म्हणाले,
"त्या डोंगराची उंची किती, माहीत आहे?
एकोणतीस हजार बत्तीस फूट.
एकोणतीस हजार तर मी रोज वाटायचो.
एकाला चढवून, एकाला उतरवून,
इथेच ठेवायचो, आपल्या डोक्यावर.
मला वाटायचं, आकडा आहे.
तिथे पाहिलं, तर आकड्याला दगड होता."

मी वर पाहिलं.
खामल्याच्या टाक्यांवर, वाळत घातलेल्या साड्यांवर,
रस्त्यावर फुटलेल्या संत्र्याच्या पेटीवर
एवढं उंच काही उभं होतं म्हणे इतकी वर्षं,
आणि त्याच्या टोकावरून माणसं
पांघरुणं ओढून, तोंड उघडं टाकून
झोपेत जात होती.
आणि हे खाली त्यांना सांभाळून धरायचे,
अंगात मी विणलेला तो मरून स्वेटर,
ज्याची एक बाही मोठी झाली होती.

"आणि आपली गच्ची?"
"धावपट्टी एक हजार तेहेतीस.
गच्चीचे वीस-बावीस धर."
"म्हणजे थोडं चढलोच की आपण."
हसले नाहीत.
कूस बदलली, उशी उलटी केली,
गार बाजू वर.
"अजून एक बादली ओत," म्हणाले,
"पायाकडे."