टाका

रात्री अकराला शटर ठोकलं कोणीतरी.
माघातली थंडी. दुकानात ट्रॉली उलटी पडलेली,
मी तिच्या पोटाखालून निघालो.
सापगाडीवाला होता, नर्मदाप्रसाद.
बगलेत पोत्यात गुंडाळलेलं काहीतरी,
आजारी कोंबडी आणावी तसं.

पोत्यात सीटवरचा दांडा.
जो मांडीवर येऊन बसतो, खट् वाजतो,
आणि लेकरू समजते आपण आता पडत नाही.
खटक्याचा कान तुटलेला.
तुटल्या जागी दोन रंग: अर्धी बाजू तांबूस,
अर्धी चकचकीत, आज संध्याकाळची.
लोखंड तुटल्यावरच दाखवते
किती दिवसांपासून तुटत होतं.

म्हटलं, टाका नाही चालत याले, नवा आणा नागपूरहून.
लाएंगे भैया, यात्रा निपट जाए.
पाच दिवसांची यात्रा, त्यात रविवार एकच.
मी दीडशे सांगितले, त्याने दोनशे दिले.
मी घेतले.

रॉड साधाच, फाळक्याला वापरतो तो.
ग्राइंडरने घासलं, टाका मारला, वरून दुसरा फिरवला.
टाका चांगला होता.
हे मीच सांगतो, कारण कोणी विचारलं नाही.

सापगाडी म्हणजे फार काही उंच नाही,
शाळेजवळच्या कडुनिंबाच्या खालीच राहते.
सहा डबे, दोन उंटवटे, एक वळण.
ब्रेक म्हणजे एक पोरगा
आणि फळीवर ठोकलेला टायरचा तुकडा.
बाजूला पाटी: आपल्या जबाबदारीवर बसावे.

कुबडेंची आचल, आठवीतली.
सुटीच्या दिवशी कापूस वेचून जमवलेले पैसे,
त्यातलं चाळीसचं तिकीट.
दुसऱ्या उंटवट्यावर दांडा वर आला,
दार उघडावं इतका सहज.
पोरगा फळीवर अंगाने पडला तरी
गाडी आणखी एक फेरी फिरली.
भोंग्यावरचं गाणं पूर्ण वाजलं.

पंचनाम्यात आलं: मुलगी चालू गाडीत उभी राहिली.
चार सह्या, एक अंगठा.
फिटनेसचा कागदही निघाला, गोल शिक्क्याचा,
तपासणीची तारीख गुरुवार.
गुरुवारी सापगाडी ट्रकमध्ये होती,
मूर्तिजापूरच्या रस्त्यावर, पंक्चर.
मला माहीत आहे, जॅक माझ्याच दुकानातून गेला होता.

सोमवारी पहाटे ती लोकं आवरासावर करत होती.
मी स्पीकरचं जुनं चुंबक दोरीला बांधलं
आणि रुळाखालून फिरवलं.
बिल्ले निघाले, खिळे, एक वायसर,
केसांची पिन, तिची असेल, नसेल.
मग कान.
माझा टाका त्याला धरूनच होता.
तुटलं होतं शेजारी, दोन सूत सोडून,
जिथे माझ्याच जाळाने लोखंड ठिसूळ झालं.

यवतमाळच्या दवाखान्यात खाट क्रमांक सतरा.
हनुवटीला नऊ टाके, जबड्याला तार,
हसळी मोडली म्हणून हात गळ्यात.
बोलता येत नव्हतं. डाव्या हाताने
वहीत लिहून ठेवलं होतं एकच वाक्य,
जो येईल त्याच्यासमोर तेच पान धरायची.
सिस्टरलाही. जेवणाचा डबा आणणाऱ्यालाही.

मी उभी नव्हती राहिली.

माझ्यासमोर धरलं.
म्हटलं, माहीत आहे मले.
तिने वही खाली केली नाही,
माझ्याकडे पाहतच राहिली.

तुम्ही कोण जी, आईने विचारलं,
पाहुण्याला विचारतात तसं, स्टूल सरकवत.
खिशात कान होता, आणि ते दोनशे, वेगळे घडी केलेले.
पैसे काढायला हात गेला
आणि हाताला कान लागला.
तो वहीवर ठेवला, तिच्या अक्षरांच्या खाली.
वेल्डिंगवाला, म्हटलं.
हा माझा टाका.
आणि हे पाहा, याच्या बाजूला.