जुनिपरचा कीस

आर्वेद लोण्याच्या सुऱ्या कोरतो,
हिऊमा बेटावर, जुनिपरच्या लाकडाच्या.
जूनमध्ये गुडघ्यामागे गोचीड सापडली;
चिमटीत धरून चुलीत टाकली, झालं.

सप्टेंबरात डावा गाल उतरला.
सूप ओठातून गळायचं.
डोळा मिटेना; रात्री मी पट्टी लावायचे
आणि तो उरलेल्या अर्ध्या तोंडाने हसायचा.

मणक्यातून पाणी काढलं.
डॉक्टरीणबाईंनी कागदावर जंतू काढून दाखवला:
बारीक, वळसे घेत गेलेला.
"हा तर माझा कीस," आर्वेद म्हणाला,
आणि मग बराच वेळ
'सुरी' हा शब्द शोधत राहिला.

चौदा दिवस सलाईन.
थेंब मोजायचं काम माझ्याकडे.

आता अंगणात बसतो, लाकूड हुंगतो,
नाव न घेता कोरतो.
पायाशी कीस पडतो.
पूर्वी मी तो संध्याकाळी झाडायचे.
हल्ली पडला की लगेच.