कोरी पाने वगळा

माफेतेंगला ऑगस्टात वारा सुटला की
टॅक्सी-थांब्यावरची सगळी माती माझ्या दुकानात येते.
दर तासाला मी स्कॅनरची काच पुसते.
तरी प्रत्येक पानावर एक बारीक काळी रेघ उमटतेच,
कुणी नखानं ओढल्यासारखी.

न्ताते सेखोन्याना आले, ब्लँकेट खांद्याला पिनेनं अडकवलेलं,
साखरेच्या रिकाम्या पिशवीत कागद.
"वीस वर्षं खाली होतो," म्हणाले.
खाली म्हणजे सरहद्दीपलीकडे,
आणि तिथूनही दोन किलोमीटर आत.
"ऑफिसवाले म्हणतात, सगळं एकाच फायलीत द्या.
पाच एमबीच्या वर गेलं तर घेत नाहीत."
एमबी त्यांनी असं म्हटलं,
जसं एखाद्या कडक डॉक्टरचं नाव.

मी टाचण्या उपसल्या. गंजून कागदालाच धरून बसलेल्या.
कामाचं पुस्तक.
पगाराच्या चिठ्ठ्या, निळी शाई घामानं फुटलेली.
दवाखान्याची कार्डं, घडीवर चिरलेली.
छातीच्या फोटोचा अहवाल: तीन ओळी
आणि एक सही, जिला वाचता येईल असा माणूस नसावा.
एक्केचाळीस कागद.
दुमडलेला एकेक कोपरा ते अंगठ्यानं बसवत गेले,
शाळेत निघालेल्या पोराचे केस बसवावेत तसा.

यंत्रानं तीन कागद एकदम गिळले, अडकलं,
मग सुरळीत चाललं, पण उलट्या क्रमानं.
पडद्यावर माणूस आधी आजारी,
मग कामावर,
शेवटी फोटोत, मिसरूडसुद्धा न फुटलेला.
"असंच राहू दे की," म्हणाले,
आणि हसता हसता खोकू लागले.
खोकला बराच वेळ चालला.
मी यंत्र बंद केलं नाही.
त्याच्या घरघरीत जरा झाकला जातो.

प्रोग्रॅमनं नेहमीचंच विचारलं:
धुळीचे ठिपके काढू?
मी रोज न वाचता 'हो' दाबते.
"काय म्हणतंय ते?"
"काही नाही, न्ताते. पानाचं माप विचारतंय."
मी 'नको' दाबलं.

दुसरी गोष्ट ते विचारत नाही, आपली आपण उरकतं:
कोरी पाने वगळा.
फायलीत एकोणसाठ पानं. माझ्या मोजणीत साठ.
पुन्हा मोजली. साठ.
सगळा गठ्ठा पालथा घातला तेव्हा
अहवालाच्या पाठीवर, कागद खिडकीकडे तिरका धरल्यावर,
पेन्सिल दिसली.
अकरा नावं.
मोहापी. त्सेलिसो. रामाबेले, पुढे कंसात 'धाकटा'.

"ते नका घेऊ. आमची रात्रपाळी आहे ती.
ऑफिसला काय करायची?"
शेवटचं नाव जरा ठळक होतं,
गेल्या ईस्टरला लिहिलेलं.

मी त्या एका पानाचा काळेपणा चढवत नेला.
कागद राखाडी झाला, मग मळकट,
माझ्या काचेवरची सगळी माती वर आली
आणि तिच्यातून, एकेक करत, नावं.

फाइल झाली पाच पूर्णांक तीन.
"काहीतरी कमी करावं लागेल," मी म्हटलं.
ते पडद्याजवळ वाकले, डोळे बारीक केले.
"माझा फोटो कर. चेहरा घेऊन काय करणारेत,
त्यांना आतलं बघायचंय."
चार पूर्णांक नऊ. गेली.

मी पैसे एकोणसाठ पानांचे सांगितले.
त्यांनी नाणी मोजून साठांचे ठेवले,
टाचण्या परत मागितल्या,
एकही कमी नाही ना पाहिलं, आणि थांब्याकडे वळले.

ती खूण मी आता काढून ठेवली आहे.
माझ्या दुकानातल्या फायली जरा जाड जातात,
मधेच पांढरी पानं निघतात, नुसती काळी रेघ असलेली.
लोक कुरकुरतात.
मी म्हणते, असू द्या,
कोऱ्या पानाचे पैसे मी लावत नाही.